लिनक्सवर बांधलेले फ्लुइडसिंथ विंडोजवर वारंवार का बंद पडते: निदान आणि उपाय

समस्या अशी आहे. फ्लुइडसिंथ हे मिडी फाइलींतून (स्वरांची नोंद असलेल्या फाइलींतून) वाद्याचे सूर वाजवणारे सॉफ्टवेअर. लिनक्सच्या संगणकावर मिंगडब्ल्यू या विंडोजचे प्रोग्रॅम बांधणाऱ्या कंपाइलरच्या साहाय्याने विंडोजसाठी ते क्रॉस-कंपाइल केले जाते, म्हणजे एका प्रणालीवर बसून दुसरीसाठी बांधले जाते, बिल्ड (बांधणी) शेवटपर्यंत एकही त्रुटी न दाखवता पूर्ण होते, फोल्डरची झिप करून ती विंडोजच्या संगणकावर नेली जाते आणि तिथे प्रोग्रॅम एक तर उघडतच नाही, किंवा उघडतो पण आवाज येत नाही. मग कुणीतरी एखादी डीएलएल फाइल (प्रोग्रॅमला चालताना लागणारा सामायिक कोड असलेली विंडोजची फाइल) कुठून तरी आणून त्या फोल्डरात टाकतो, गाडी रुळावर आली असे वाटते आणि पुढच्या आवृत्तीच्या वेळी सगळे मुळापासून पुन्हा सुरू होते. एकदा दुरुस्त झालेली ही अडचण परत का येते, याकडे या टिपणात मुख्यतः लक्ष दिले आहे. आज्ञांची आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ रोमन अक्षरे वापरावीत.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका तबलावर्गाच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. तिथे फ्लुइडसिंथचा उपयोग रियाजाला लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाबरोबर फिरत राहणारी धून, धरण्यासाठी होतो: हार्मोनियमचा साउंडफाँट (वाद्याच्या ध्वनिनमुन्यांची फाइल) भरायचा, तीनतालातला सोळा मात्रांचा लेहरा मिडी फाइलमधून वाजवत ठेवायचा आणि विद्यार्थ्याने त्यावर कायदे-रेले वाजवायचे. रोज संगतीला बसणारा हार्मोनियमवादक मिळणे गाण्याची एवढी परंपरा असलेल्या या शहरातही आता सोपे राहिलेले नाही. वर्गातले जुने संगणक ३२-बिट विंडोज ७ वर अडकलेले आहेत आणि नवा विंडोज १० चा आहे. त्या जुन्या यंत्रांवरच कंपाइल करावे म्हटले, तर एमएसवायएस२ ने (विंडोजवरच कंपाइल करण्याच्या साधनसंचाने) ३२-बिट विंडोजवर आणि विंडोज ७ वर चालणे केव्हाच सोडले आहे. त्यामुळे लिनक्सवर बांधून तिकडे नेणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. फ्लुइडसिंथच्या प्रकल्पाकडून विंडोजसाठी तयार बिल्ड मिळते आणि ज्यांचे काम त्यावर भागते त्यांनी या भानगडीत पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतः बांधण्याची वेळ मूळ कोडमध्ये काही बदल केला असेल तरच येते. आमच्याकडे लेहऱ्याची लय समेवरच बदलावी यासाठी केलेला एक छोटा बदल आहे.

प्रथम निदान

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी प्रोग्रॅम नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो हे पाहावे. फाइलवर दोनदा क्लिक केल्यास विंडोज बहुधा एक खिडकी दाखवते आणि सापडत नसलेल्या डीएलएलचे नाव सांगते, परंतु पॉवरशेलमधून चालवल्यास काहीच न बोलता प्रॉम्प्ट परत येतो, आणि पाहणाऱ्याचा समज होतो की प्रोग्रॅम चालला आणि संपला. अशा वेळी साध्या कमांड प्रॉम्प्टमधून चालवून लगेच एररलेव्हल (प्रोग्रॅम संपताना मागे ठेवतो तो आकडा) छापून पाहावे. तिथे उणे १०७३७४१५१५ हा आकडा आला, तर तो सी००००१३५ या संकेताचे दशमान रूप असून त्याचा अर्थ डीएलएल सापडली नाही असा आहे. उणे १०७३७४१७०१, म्हणजे सी०००००७बी, आला तर डीएलएल सापडली आहे, पण ती ३२-बिटच्या जागी ६४-बिट किंवा त्याच्या उलट आहे. उणे १०७३७४१५११, म्हणजे सी००००१३९, आला तर डीएलएल योग्य जातीची आहे, पण तिच्यात प्रोग्रॅमला हवे असलेले फंक्शन नाही. बहुतेक वेळा ती जुन्या आवृत्तीची असते.

या तीन आकड्यांतला फरक महत्त्वाचा आहे, कारण तिन्हींवर लोक एकच औषध लावतात: कुठल्या तरी संकेतस्थळावरून ती डीएलएल उतरवून सिस्टम३२ फोल्डरात टाकतात. हे कदापि करू नये. ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ हे नाव असूनही त्या फोल्डरात ६४-बिट फाइली असतात आणि ३२-बिट फाइली सिसवॉव६४ मध्ये असतात, त्यामुळे नावावर विसंबून टाकलेली फाइल हमखास चुकीच्या ठिकाणी जाते. शिवाय तिथे पडलेली फाइल पुढे दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅमला आडवी येते, आणि तोवर ती कुणी व कशासाठी टाकली हे कुणाच्याच लक्षात राहिलेले नसते.

लिनक्सच्या बाजूला 'फाइल' ही साधी आज्ञा तयार झालेल्या ईएक्सईवर आणि सोबतच्या प्रत्येक डीएलएलवर चालवावी. ६४-बिटसाठी तिने पीई३२+ आणि ३२-बिटसाठी पीई३२ म्हटले पाहिजे. एकाच फोल्डरात दोन्ही दिसले, तर सी०००००७बी चे कारण तिथेच सापडले.

दोन यंत्रांची लायब्ररी एकमेकांत मिसळणे

बहुतेक बिघाडांचे मूळ इथे आहे. क्रॉस-कंपाइल करताना एकाच संगणकावर लायब्ररींचे, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार कोडचे, दोन संच नांदत असतात: एक लिनक्सचा स्वतःचा आणि दुसरा विंडोजसाठी बांधलेला. कोणती लायब्ररी कुठे आहे हे बिल्ड-व्यवस्था पीकेजी-कॉन्फिगला विचारते, आणि पीकेजी-कॉन्फिगला वेगळे सांगितले नाही तर ते लिनक्सच्या संचाचा पत्ता देते.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे पीकेजी_कॉन्फिग_पाथ या चलात विंडोजच्या संचाचा पत्ता भरणे. तो अर्धवट आहे आणि समस्या पुन्हा उद्भवण्याचे हे एक मोठे कारण आहे. हे चल शोधाच्या यादीत आपला पत्ता आधी लावते, पण मूळ यादी काढून टाकत नाही. विंडोजच्या संचात ग्लिब (मूलभूत सुविधांची एक लायब्ररी) असेल तर तीच सापडते आणि सर्व काही ठीक दिसते; उद्या नव्या आवृत्तीला आणखी एक लायब्ररी लागली आणि ती विंडोजच्या संचात नसली, की पीकेजी-कॉन्फिग निमूटपणे लिनक्सची उचलते. म्हणून पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर हे चल वापरावे, जे मूळ यादीची जागाच घेते. मग नसलेली लायब्ररी 'नाही' म्हणून कळते आणि बिल्ड तिथेच थांबते, जे आपल्या हिताचे आहे.

लिंकरच्या, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडणाऱ्या साधनाच्या, टप्प्यावर अशी मिसळ झाली तर निदान ओरड तरी होते: फाइलचा प्रकार ओळखता येत नाही, किंवा विसंगत लायब्ररी वगळत आहे, असे संदेश येतात. हेडर फाइलींची (लायब्ररीतले प्रकार आणि फंक्शने कंपाइलरला सांगणाऱ्या फाइलींची) मिसळ मात्र गुपचूप होते. ग्लिबची ग्लिबकॉन्फिग नावाची हेडर फाइल प्रत्येक यंत्रासाठी वेगळी तयार होते, कारण तिच्यात मूळ प्रकारांची लांबी नोंदलेली असते. ६४-बिट लिनक्समध्ये 'लाँग' ८ बाइटांचा असतो, तर ६४-बिट विंडोजमध्ये तो ४ बाइटांचाच असतो. लिनक्सची हेडर फाइल जीसाइज हा प्रकार 'अनसाइन्ड लाँग' म्हणून जाहीर करते. तीच फाइल विंडोजच्या कंपाइलरने वाचली, की ८ बाइटांच्या पॉइंटरसाठी ४ बाइटांची जागा धरली जाते, पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो, कंपाइलर फार तर एखादी सूचना देतो आणि प्रोग्रॅम साउंडफाँट भरताना केव्हातरी कोसळतो. अशा वेळी लोक फ्लुइडसिंथचा कोड तपासत बसतात, जिथे काहीही चुकलेले नसते. बिल्ड बोलके करून, म्हणजे सीमेकला (फ्लुइडसिंथच्या बिल्ड-व्यवस्थेला) सविस्तर आज्ञा छापायला लावून, कंपाइलरला दिलेल्या पत्त्यांमध्ये यूएसआर-इन्क्लूडपासून सुरू होणारा एखादा पत्ता आहे का, एवढे पाहिले तरी उलगडा होतो. मिंगडब्ल्यूचे स्वतःचे फोल्डर यूएसआरच्या खालीच पण वेगळ्या नावाने असते. त्याच्याशी गल्लत करू नये.

सीमेकच्या टूलचेन फाइलमध्येही (कोणता कंपाइलर आणि कोणता संच वापरायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्येही) हाच बंदोबस्त हवा. शोधाचे मूळ फोल्डर विंडोजच्या संचाकडे वळवावे, लायब्ररी आणि हेडर यांच्यासाठी 'ओन्ली' आणि प्रोग्रॅमसाठी 'नेव्हर' ही किंमत द्यावी. प्रोग्रॅमसाठी 'नेव्हर' यासाठी की बिल्डच्या दरम्यान चालवायची साधने लिनक्सचीच असावी लागतात. आणखी एक गोष्ट: सीमेक टूलचेन फाइल पहिल्या खेपेलाच विचारात घेते. बिल्डच्या फोल्डरात जुना कॅश पडलेला असताना टूलचेन फाइल बदलली, तर तो बदल पूर्ण लागू होत नाही आणि अर्धे जुने, अर्धे नवे असे मिश्रण तयार होते. प्रत्येक बदलानंतर बिल्डचे फोल्डर संपूर्ण पुसून नव्याने सुरुवात करावी. वेळ जातो, पण तो वाचवण्याच्या नादात संध्याकाळ जाते.

बिल्डच्या मध्येच चालणारा प्रोग्रॅम

फ्लुइडसिंथच्या अनेक आवृत्त्यांमध्ये एक वेगळाच टप्पा आहे. त्यांच्या स्रोतात जेनटेबल्स नावाचा छोटा उपप्रकल्प असतो. तो आधी कंपाइल होतो, लगेच चालवला जातो आणि त्याने गणित करून लिहिलेली कोष्टके मुख्य प्रोग्रॅममध्ये सामील होतात. उरलेला प्रोग्रॅम विंडोजसाठी असला, तरी हा तुकडा लिनक्ससाठीच बांधला गेला पाहिजे, कारण तो बिल्डच्याच यंत्रावर चालायचा आहे. सीमेक त्याला स्वतंत्र प्रकल्प म्हणून बांधते, त्यामुळे टूलचेन फाइल त्याला लागू होत नाही आणि सर्व सुरळीत पार पडते.

परंतु ज्यांना ऑटोटूल्स या दुसऱ्या बिल्ड-व्यवस्थेची सवय आहे ते सीसी हे पर्यावरण-चल मिंगडब्ल्यूच्या कंपाइलरकडे वळवून मगच कामाला लागतात. ते चल या उपप्रकल्पापर्यंतही पोचते, जेनटेबल्स विंडोजचा ईएक्सई म्हणून तयार होतो आणि लिनक्स तो चालवायला नकार देते. यातली खरी खोच पुढे आहे. डेबियनसारख्या प्रणालीवर वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारे साधन) आणि त्याचे बिनएफएमटी पॅकेज बसवलेले असेल, तर लिनक्स तो ईएक्सई वाइनमार्फत मुकाट्याने चालवते आणि बिल्ड पूर्ण होते. म्हणजे तीच आज्ञावली एका संगणकावर चालते आणि वाइन नसलेल्या दुसऱ्या संगणकावर तीच अडते. सीमेक वापरत असाल तर कंपाइलरचे नाव फक्त टूलचेन फाइलमध्ये लिहावे, पर्यावरणात नको.

ऑटोटूल्सच्या इतर प्रकल्पांसाठी कॉन्फिगरला 'होस्ट' हा पर्याय द्यावा लागतो, 'टार्गेट' नव्हे. प्रोग्रॅम जिथे चालणार ते यंत्र त्या पद्धतीत होस्ट असते.

हाताने केलेली डीएलएलची यादी

आता मुख्य मुद्दा. जवळपास प्रत्येक ठिकाणी एक वही, एक टेक्स्ट फाइल किंवा एखादी स्क्रिप्ट असते, तिच्यात सोबत द्यायच्या डीएलएलची नावे लिहिलेली असतात: लिबजीसीसी, लिबएसटीडीसी++, लिबविनपीथ्रेड, लिबग्लिब, लिबइंटल, लिबसाउंडफाइल वगैरे. ही यादी ज्या दिवशी केली त्या दिवशी बरोबर असते. नंतर लायब्ररी बदलत जातात आणि यादी तशीच राहते.

एकट्या २०२२ सालचे उदाहरण पुरेसे आहे. त्या वर्षी ग्लिब २.७४ ने जुनी पीसीआरई लायब्ररी सोडून पीसीआरई२ स्वीकारली, त्यामुळे सोबत लागणाऱ्या डीएलएलचे नावच बदलले. त्याच वर्षी फ्लॅक १.४.० मध्ये लायब्ररीचा क्रमांक ८ वरून १२ झाला, म्हणजे लिबफ्लॅक-८ ऐवजी लिबफ्लॅक-१२ लागू लागली. आणि त्याच वर्षी लिबसाउंडफाइल १.१.० ने एमपी३ वाचण्याची सोय आणली, त्यामुळे तो पर्याय चालू ठेवून बांधल्यास एमपीजी१२३ आणि लेम या दोन लायब्ररींच्या डीएलएल नव्याने लागू लागल्या. फ्लुइडसिंथमध्ये एक ओळही न बदलता, केवळ लिनक्सवरचा संच अद्ययावत केल्यामुळे जुनी यादी तीन ठिकाणी फाटते. कालपर्यंत चाललेले आज का चालत नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा इतकेच असते.

यादी लिहायची नाही, काढायची. मिंगडब्ल्यूसोबत ऑब्जडंप हे साधन येते. ते 'पी' पर्यायाने ईएक्सईवर चालवले, की 'डीएलएल नेम' अशा ओळींत प्रोग्रॅमला थेट लागणाऱ्या डीएलएल दिसतात. त्यांपैकी प्रत्येक नाव विंडोजच्या संचाच्या बिन फोल्डरात शोधावे. सापडले तर ती फाइल झिपच्या फोल्डरात घ्यावी आणि तिच्यावर पुन्हा ऑब्जडंप चालवावे, नवीन नाव निघणे थांबेपर्यंत. न सापडलेले नाव विंडोजचे स्वतःचे असले पाहिजे: कर्नल३२, यूजर३२, ओएलई३२, विनएमएम, डीसाउंड, डब्ल्यूएस२-३२, एमएसव्हीसीआरटी यांसारखे. अशा मान्य नावांची छोटी यादी स्क्रिप्टमध्ये ठेवावी, आणि जे नाव दोन्हीकडे नाही ते दिसताच स्क्रिप्टने त्रुटी देऊन थांबावे. ही थांबण्याची अट अत्यंत आवश्यक आहे. तिच्याशिवाय ही स्क्रिप्ट म्हणजे नव्या कपड्यातली तीच जुनी यादी.

ऑब्जडंपला एक गोष्ट दिसत नाही: प्रोग्रॅम चालू झाल्यावर स्वतः शोधून उघडतो ती प्लगइने. फ्लुइडसिंथला चित्रमय दर्शनी भाग देणारा क्यूसिंथ हा प्रोग्रॅम क्यूटी या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीवर उभा आहे, आणि क्यूटीला 'प्लॅटफॉर्म्स' या उपफोल्डरात क्यूविंडोज नावाची डीएलएल लागते, जिचा उल्लेख ईएक्सईत कुठेच नसतो. ती नसेल तर प्लॅटफॉर्म प्लगइन सुरू करता आले नाही असा संदेश येतो. हे फोल्डर हाताने घ्यावे लागते, आणि त्यातल्या डीएलएलवरही वरील स्क्रिप्ट चालवावी लागते. जुन्या यंत्रांसाठी क्यूटीची पाचवी मालिकाच घ्यावी. सहावीला किमान विंडोज १० लागते.

आपल्या स्वतःच्या विंडोज संगणकावर चालते म्हणून निश्चिंत होऊ नये. विंडोज डीएलएल आधी ईएक्सईच्या फोल्डरात, मग प्रणालीच्या फोल्डरांत आणि शेवटी पाथमधल्या (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीतल्या) प्रत्येक फोल्डरात शोधते. ज्याच्या संगणकावर विकासाची साधने बसवलेली आहेत, त्याच्या पाथमध्ये कुठे ना कुठे लिबविनपीथ्रेड पडलेलीच असते, त्यामुळे झिपमधली उणीव त्याला कधीच दिसत नाही. चाचणी घेताना पाथ फक्त प्रणालीच्या फोल्डरांपुरता आखडून मग प्रोग्रॅम चालवावा. वाइनवरची चाचणी प्राथमिक तपासणी म्हणून उपयोगी आहे, पण वाइनपाथ हे चल विंडोजच्या संचाकडे वळवलेले असेल तर तीही अशीच फसवते.

स्टॅटिक लिंक करून, म्हणजे लायब्ररी ईएक्सईतच सामावून, हा सगळा प्रश्नच मिटवावा, असा सल्ला दिला जातो. कंपाइलरच्या स्वतःच्या लायब्ररींपुरता तो चांगला आहे आणि जीसीसीमध्ये (मिंगडब्ल्यूच्या मुळाशी असलेल्या कंपाइलरमध्ये) त्यासाठी स्वतंत्र पर्यायही आहेत. फ्लुइडसिंथ मात्र एलजीपीएल २.१ परवान्याखाली आहे. ते आपल्या बंदिस्त प्रोग्रॅममध्ये स्टॅटिक जोडून वाटायचे असेल, तर घेणाऱ्याला ती लायब्ररी बदलून पुन्हा लिंक करता येईल अशी सोय द्यावी लागते. डीएलएल वेगळी ठेवणे त्यापेक्षा सरळ.

थ्रेड आणि रनटाइम

डेबियन व उबुंटूवरील मिंगडब्ल्यूचा कंपाइलर दोन रूपांत येतो, विन३२ आणि पॉसिक्स. जीसीसी १३ पूर्वीच्या विन३२ रूपात सी++ चे थ्रेड आणि म्यूटेक्स (एकाच वेळी अनेक कामे चालवण्याची आणि त्यांचा मेळ राखण्याची साधने) नसतात, त्यामुळे संगीताचे बरेचसे आधुनिक प्रोग्रॅम 'म्यूटेक्स हे नाव माहीत नाही' अशा त्रुटीवर अडतात. टूलचेन फाइलमध्ये कंपाइलरचे नाव पॉसिक्स या प्रत्ययासह पूर्ण लिहावे. अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज वापरून बदललेली निवड केवळ त्या संगणकापुरती असते, आणि नव्या संगणकावर तीच अडचण नव्याने भेटते.

दुसरी गोष्ट सी रनटाइमची, म्हणजे सी भाषेची मूळ फंक्शने पुरवणाऱ्या लायब्ररीची. एमएसव्हीसीआरटी आणि यूसीआरटी हे दोन वेगळे रनटाइम आहेत. एमएसवायएस२ ची मूळ निवड आता यूसीआरटी आहे, तर डेबियनचा नेहमीचा मिंगडब्ल्यू एमएसव्हीसीआरटीवर बांधतो. वेळ वाचवण्यासाठी तिकडच्या तयार लायब्ररी उचलून इकडे लिंक केल्या, तर एक तर लिंकर अपरिचित नावांवरून अडतो किंवा एका रनटाइमने उघडलेली फाइल दुसऱ्याच्या हाती जाऊन प्रोग्रॅम कोसळतो. विंडोज ७ वर याचे ठरलेले लक्षण म्हणजे 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' अशा नावाने सुरू होणारी डीएलएल सापडत नसल्याचा संदेश. यूसीआरटी विंडोज १० मध्ये अंगभूत आहे. विंडोज ७ मध्ये ते केबी२९९९२२६ या अद्यतनाने येते. जुनी यंत्रे सांभाळायची असतील तर संपूर्ण संच एमएसव्हीसीआरटीवर बांधावा आणि त्यात पाहुणी डीएलएल घेऊ नये.

प्रोग्रॅम उघडतो, पण लेहरा वाजत नाही

"अरे, हा नुसताच बघत बसलाय, लेहरा कधी धरणार?" असा गुरुजींचा फोन आला, की मी दोन ठिकाणी पाहतो.

पहिले ठिकाण साउंडफाँटचे. एसएफ३ प्रकारच्या साउंडफाँटमधले नमुने ऑग व्हॉर्बिसने दाबलेले असतात, म्हणून ते एसएफ२ पेक्षा कितीतरी लहान असतात आणि पेनड्राइव्हवरून देणे सोयीचे पडते. ते उलगडण्यासाठी फ्लुइडसिंथला लिबसाउंडफाइल लागते. पण ही लायब्ररी ऐच्छिक आहे. विंडोजच्या संचात ती सापडली नाही तर सीमेक सारांशात तिच्यापुढे 'नो' लिहिते आणि तक्रार न करता पुढे जाते. लिनक्सवर तोच साउंडफाँट वाजतो, विंडोजवर वाजत नाही, आणि संशय भलतीकडेच, विंडोजच्या ध्वनिव्यवस्थेवर जातो. सीमेकचा सारांश प्रत्येक वेळी डोळ्यांखालून घालावा: लिबसाउंडफाइल आणि डीसाउंड, वासापी, वेव्हआउट यांपैकी किमान एक चालू असायला हवे. लिबसाउंडफाइल स्वतः ऑग-व्हॉर्बिसशिवाय बांधलेली असेल, तर सारांशात 'यस' असूनही एसएफ३ उघडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे ठिकाण आपल्या लिपीचे आहे आणि इंग्रजी मदतपानांमध्ये याचा उल्लेख क्वचितच आढळतो. वर्गात फाइलींची नावे साहजिकच 'तीनताल मध्यलय चंद्रकंस' अशी असतात. लिनक्समध्ये फाइलचे नाव म्हणजे यूटीएफ-८ बाइटांची मालिका, त्यामुळे सी भाषेतले साधे एफओपन ते विनातक्रार उघडते. विंडोजमध्ये तेच एफओपन नाव प्रणालीच्या एएनएसआय कोडपेजमधून (युनिकोडपूर्व अक्षर-तक्त्यातून) नेते. इथे मेख अशी आहे की देवनागरीसाठी विंडोजमध्ये एएनएसआय कोडपेज नाहीच; मराठी आणि हिंदी या भाषा विंडोजने फक्त युनिकोडमध्ये दिल्या आहेत. भारतातल्या इंग्रजी मांडणीच्या संगणकावर कोडपेज १२५२ असते, त्यात देवनागरी अक्षर मावत नाही, प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होते, आणि प्रश्नचिन्ह विंडोजच्या फाइलनावात चालत नाही. परिणामी समोर दिसत असलेली फाइल 'नाही' म्हणून परत येते.

कमांड प्रॉम्प्टमध्ये सीएचसीपी ६५००१ टाइप करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने फार तर पडद्यावरची अक्षरे नीट दिसतात. एफओपन ज्या कोडपेजवर चालते त्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. खरा उपाय विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून उपलब्ध आहे: ईएक्सईच्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमविषयी विंडोजला माहिती देणाऱ्या जोडपत्रात) ॲक्टिव्हकोडपेज यूटीएफ-८ असे जाहीर करावे, विंडरेस या मिंगडब्ल्यूच्या साधनाने ते रिसोर्स म्हणून कंपाइल करावे आणि प्रोग्रॅमसोबत लिंक करावे. प्रोग्रॅमच्या कोडला हात न लावता काम होते. विंडोज ७ मात्र ही घोषणा जुमानत नाही. तिथे नाव रुंद अक्षरांतून घेणे, म्हणजे आज्ञेची ओळ गेटकमांडलाइनडब्ल्यूने वाचणे आणि फाइल डब्ल्यूएफओपनने उघडणे, असा बदल कोडमध्ये करावा लागतो. तेवढी तयारी नसेल तर जुन्या यंत्रांवर फाइलींची नावे रोमनमध्ये ठेवावीत.

याच कारणाचा एक आडवळणी प्रकार असा: फाइलचे नाव रोमनमध्ये आहे, पण विंडोजचे खाते 'संगीत वर्ग' अशा देवनागरी नावाने उघडलेले आहे. मग वापरकर्त्याचे फोल्डरच देवनागरी होते, डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल त्याच्या पोटात जाते आणि नाव बदलूनही काही उघडत नाही. खात्याचे दर्शनी नाव नंतर बदलले तरी फोल्डरचे नाव तेच राहते. अशा ठिकाणी सी ड्राइव्हच्या मुळाशी रोमन नावाचे फोल्डर करून सगळे साहित्य त्यात हलवावे, हे सर्वांत कमी कटकटीचे आहे.

क्रॉस-कंपाइलशी संबंध नसलेली, तरी त्याच्याच माथी मारली जाणारी एक तक्रार इथे सांगून टाकतो. मिडी कीबोर्ड जोडून वाजवताना विंडोजवर सूर उशिरा येतो. फ्लुइडसिंथची मूळ मांडणी लिनक्सवर ६४ नमुन्यांचे १६ तुकडे आणि विंडोजवर ५१२ नमुन्यांचे ८ तुकडे अशी आहे. ४४१०० च्या नमुनादराने पहिल्यात सुमारे २३ मिलिसेकंदांचा साठा होतो आणि दुसऱ्यात सुमारे ९३ मिलिसेकंदांचा. मिडी फाइलमधून लेहरा वाजवताना हा फरक जाणवत नाही, कारण विलंब सर्वच मात्रांना सारखा असतो; बोटाने वाजवणाऱ्याला मात्र तो लगेच खटकतो. तुकड्यांची संख्या आणि आकार टप्प्याटप्प्याने कमी करावेत आणि आवाज तडतडू लागला की एक पायरी मागे यावे.

वरील सर्व करूनही अडल्यास

विंडोजवर 'डिपेंडन्सीज' हा मुक्त स्रोत प्रोग्रॅम घेऊन त्यात आपला ईएक्सई उघडावा. कोणती डीएलएल कोणत्या फोल्डरातून उचलली जात आहे, हे तो पूर्ण पत्त्यासह दाखवतो, आणि झिपमध्ये असलेली फाइल सोडून भलतीकडची उचलली जात असेल तर ते तिथेच कळते. नवी झिप जुन्या फोल्डरावर उलगडू नये. आधीच्या आवृत्तीची नको असलेली डीएलएल तशीच राहते आणि सी००००१३९ हा आकडा बहुधा तिथूनच येतो. प्रत्येक झिपसोबत तिच्यातल्या डीएलएलची स्क्रिप्टने काढलेली यादी, संचातल्या लायब्ररींच्या आवृत्त्या आणि आपल्या बदलांसह फ्लुइडसिंथचा स्रोत ठेवावा. क्यूसिंथसारखे जीपीएलखालचे प्रोग्रॅम दुसऱ्या वर्गाला देताना त्यांचा स्रोत उपलब्ध करून देणे परवान्यानेच बंधनकारक आहे, आणि सहा महिन्यांनी कुणी फोन करून चालत नाही म्हणाले, तर दोन झिपमधल्या याद्यांची तुलना करून फरक कुठे पडला ते काही मिनिटांत सांगता येते.